ब्राझील : पाच विभाग, तीन राजधान्या आणि आपल्या सोयाबीनचा भाव

पैनगंगाकाठ

बाजार समितीत सोयाबीनचा भाव का पडला असं विचारलं की अडत्या हमखास सांगतो, "ब्राझीलमध्ये पीक जोरात आहे." आपण ऐकून घेतो आणि माल काट्यावर लावतो. पण ब्राझीलमध्ये म्हणजे कुठे? तो देश भारताच्या अडीचपटीहून मोठा, ८५ लाख चौरस किलोमीटरचा. लोकसंख्या मात्र २०२२ च्या जनगणनेनुसार २० कोटींच्या थोडी वर. दक्षिणेत पूर असतो तेव्हा उत्तरेत नद्या आटलेल्या असू शकतात. वाशीम-यवतमाळच्या शेतकऱ्याला तो नकाशा तालुक्याच्या नकाशाइतका ओळखीचा व्हायला हवा, असं माझं मत आहे. म्हणून हा धागा.

सुरुवात मी राजधान्यांपासून करतो, कारण तिथलं सोयाबीन कुठून आलं हे त्याशिवाय कळत नाही.

पोर्तुगीज समुद्रातून आले आणि समुद्रकाठीच राहिले. १५४९ मध्ये साल्वादोर ही पहिली राजधानी झाली. ईशान्येकडच्या उसाच्या मळ्यांमधली साखर त्या किनाऱ्यावरून जात असे. पुढे मिनास जेराइसच्या डोंगरात सोनं सापडलं, ते रिओच्या बंदरातून बाहेर जाऊ लागलं, आणि १७६३ मध्ये राजधानी रिओ दी जनेरोला गेली. दोन्ही शहरं किनाऱ्यावरचीच. चारशे वर्षं देशाचा कारभार समुद्राकडे तोंड करून चालला आणि आतला प्रचंड पठारी भाग नकाशावर नुसता रंगवलेला राहिला.

याला जमिनीची ठेवणही कारण होती. आग्नेय किनाऱ्यालगत पठार एकदम तुटतं. त्या उभ्या कड्याला आपल्या शाळेत 'अजस्र कडा' म्हणून शिकवतात. किनाऱ्यावरून आत चढणं अवघड, आणि तिथल्या बऱ्याच नद्या उलट्या वाहतात. साओ पाउलो शहरातून जाणारी तिएते नदी समुद्रापासून जेमतेम वीस-बावीस किलोमीटरवर उगम पावते, पण समुद्राकडे न जाता आत पश्चिमेला पाराना नदीकडे जाते. आपली गोदावरी अरबी समुद्राजवळ उगवून पूर्वेला जाते, तोच प्रकार.

राजधानी आत न्यायची हा विचार जुना आहे. १८९१ च्या राज्यघटनेतच मध्य पठारावर त्यासाठी १४,४०० चौरस किलोमीटर जागा राखून ठेवली होती. कागद पासष्ट वर्षं कागदच राहिला. १९५६ मध्ये जुसेलिनो कुबिचेक राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी तो मनावर घेतला. आराखडा लुसिओ कोस्ता यांचा, इमारती ओस्कर निमायर यांच्या, आणि २१ एप्रिल १९६० ला ब्राझिलिया राजधानी झाली. त्यानंतर दहाच दिवसांनी, १ मे १९६० ला, महाराष्ट्र राज्य झालं. चार वर्षं आधी, १९५६ मध्ये, नागपूरचं राजधानीपण गेलं होतं. म्हणजे ज्या काळात त्यांची राजधानी किनाऱ्यावरून देशाच्या मधोमध आली, त्याच काळात आपली मधोमध असलेली राजधानी जाऊन किनाऱ्यावरची आली. हे मला फार लागतं, आणि ते मी लपवणार नाही.

आता विभाग. ब्राझीलमध्ये २६ राज्यं आणि एक राजधानी जिल्हा आहे, आणि त्यांचे पाच विभाग करतात.

उत्तर म्हणजे ॲमेझॉनचं खोरं. सात राज्यं, देशाची जवळजवळ ४५ टक्के जमीन, आणि माणसं नऊ टक्क्यांच्याही आत. ईशान्येत नऊ राज्यं, त्याबद्दल जाणकारांनी लिहावं. आग्नेयेत चारच राज्यं (साओ पाउलो, रिओ, मिनास जेराइस, एस्पिरितो सांतो) पण देशातली दर शंभरातली बेचाळीस माणसं तिथे राहतात. दक्षिणेत तीन राज्यं आहेत, हवा थंड, जर्मन आणि इटालियन वंशाची वस्ती बरीच. कुरितीबा, फ्लोरियानोपोलिस आणि पोर्तो आलेग्रे या तिथल्या राजधान्या.

पाचवा विभाग मध्य-पश्चिम, आणि आपलं काम याच्याशी आहे. मातो ग्रोसो (राजधानी कुयाबा), मातो ग्रोसो दो सुल (काम्पो ग्रांदे), गोयास (गोयानिया) आणि ब्राझिलियाचा राजधानी जिल्हा. एकटं मातो ग्रोसो ९ लाख चौरस किलोमीटरचं, महाराष्ट्राच्या जवळजवळ तिप्पट. इथे 'सेराडो' नावाचं विरळ झाडीचं गवताळ रान पसरलेलं होतं. विदर्भात झुडपी जंगल म्हणून सातबाऱ्यावर नोंद असते, तसंच दिसणारं. माती लाल, खोल, निचऱ्याची, पण आंबट. तिच्यात ॲल्युमिनियम जास्त आणि स्फुरद नाहीच म्हणा. पिकासाठी ती जमीन बाद धरलेली होती.

१९७३ मध्ये 'एम्ब्रापा' ही सरकारी कृषी संशोधन संस्था निघाली, मुख्यालय ब्राझिलियात. टनावारी चुना टाकून आम्लता कमी करायची, स्फुरद द्यायचं, हे तिथे पद्धतशीर बसवलं गेलं. दुसरी अडचण सोयाबीनचीच होती. ते थंड भागातलं पीक, दिवसाच्या लांबीवर फुलणारं. विषुववृत्ताकडे आणलं की वीतभर उंचीवरच फुलोऱ्यावर यायचं. उशिरा फुलणारे वाण काढले तेव्हा ते १० ते १५ अक्षांशांवर उभं राहिलं. दक्षिणेतले शेतकरी आपली छोटी शेतं विकून इकडे आले. आज एकट्या मातो ग्रोसोचं सोयाबीन सगळ्या भारताच्या तिपटीच्या घरात आहे.

माझं म्हणणं एवढंच की राजधानी, रस्ता आणि संशोधन या तीन गोष्टी एकाच दिशेने आत गेल्या तेव्हा हे झालं. यातली एक जरी किनाऱ्यावर राहिली असती तर झालं नसतं. बाकीच्यांनी आपापलं लिहावं.

कोरडवाहू

पैनगंगाकाठ भाऊ, लय कामाचं लिवलं तुमी. माया एक सवाल हाये. थे मातो ग्रोसोवाले चुना टाकून टाकून आंबट माती सुधरवून रायले, थे ठीक. पन आपल्या काळ्या जमिनीले त चुना लागतच नाई. मंग थ्याइले एकरी तेरा-चौदा क्विंटल अन् आमाले पाच क्विंटल कावून? थ्याइच्याजवळ धरनं हायेत का? अन् एका मानसाजवळ वावर किती रायते, थेबी सांगा.

पैनगंगाकाठ

कोरडवाहू भाऊ, धरणांचं म्हणाल तर मातो ग्रोसोचं सोयाबीनही बहुतांशी कोरडवाहूच आहे. फरक पावसाच्या चालीत आहे. तिथे ऑक्टोबर ते एप्रिल दीड हजार मिलिमीटर आणि त्याहून जास्त पाऊस पडतो, आणि मध्ये आपल्यासारखा वीस-वीस दिवसांचा खंड सहसा पडत नाही. आपल्याकडे नेमका शेंगा भरताना ऑगस्टमध्ये पाऊस दडी मारतो, नाहीतर सोंगणीच्या वेळी गंजीवर येऊन बसतो. त्यांच्या खोल मातीत पाणी तुंबत नाही, आपल्या चोपण जमिनीत मुळं सडतात. वाणाचाही फरक आहे. तिथे तणनाशक सहन करणारं जनुकीय बदलाचं बियाणं सर्रास चालतं, आपल्याकडे सोयाबीनमध्ये त्याला परवानगी नाही.

वावराचं विचाराल तर हजार हेक्टरवरची शेतं तिथे नवलाची नाहीत. सोरिसो नावाचा भाग सोयाबीनसाठी सगळ्यात नावाजलेला. तिथे एका बाजूने सोयाबीन कापणारं यंत्र चालतं आणि त्याच्या मागेच मक्याचं पेरणी यंत्र. पावसाच्या शेपटावर दुसरं पीक निघतं. पाच एकरवाल्याने त्यांच्या खर्चाशी बरोबरी करायची म्हटलं तर ते शक्य नाही, आणि कुणी तसा सल्ला देत असेल तर ऐकू नका.

वर्गावरचा भूगोल

गोंदिया जिल्ह्यात भूगोल शिकवते. आपल्या बोर्डाच्या दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील शेजारी शेजारी ठेवूनच शिकवतात, त्यामुळे हा नकाशा घराघरात आहे. पोरांच्या दप्तरातलं पुस्तक उघडून पाहा. पैनगंगाकाठ सरांनी ईशान्य विभाग सोडून दिला, तो मी घेते, कारण विदर्भाने सगळ्यात आधी ओळखावा असा तोच विभाग आहे.

नऊ राज्यं आहेत : मारान्याओ, पियाउई, सेआरा, रिओ ग्रांदे दो नोर्ते, पाराइबा, पेर्नाम्बुको, आलागोआस, सर्जिपी आणि बाहिया. राजधान्या त्याच क्रमाने साओ लुईस, तेरेसिना, फोर्तालेझा, नाताल, जोआओ पेसोआ, रेसिफे, मासेयो, आराकाजू आणि साल्वादोर. यातली तेरेसिना सोडली तर बाकी आठही समुद्रावर आहेत. पोरांना मी हेच आधी दाखवते, मग विचारते की आतल्या माणसाची दाद कोण घेत असेल?

आतला भाग म्हणजे 'सेर्ताओ'. काटेरी झुडपं, निवडुंग, बेभरवशाचा पाऊस. पुस्तकात त्याला 'अवर्षण चतुष्कोन' म्हटलं आहे. १८७७ ते १८७९ चा तिथला दुष्काळ इतका भयंकर होता की सेआरामध्ये लाखो माणसं मेली किंवा गाव सोडून गेली. त्याच सुमारास, १८७६ ते १८७८, दख्खनमध्ये मोठा दुष्काळ होता. हा योगायोग नव्हे. पॅसिफिक महासागर तापला की त्यांचा ईशान्य भाग आणि आपला मान्सून दोन्ही बऱ्याचदा एकदम कोरडे पडतात. आज आपण ज्याला एल निनो म्हणतो तेच.

याच सेर्ताओमधली माणसं ब्राझिलिया बांधायला गेली. रात्रंदिवस काम करून चार वर्षांच्या आत त्यांनी ती राजधानी उभी केली. विमानाच्या आकाराच्या त्या आखीव शहरात मात्र त्यांना घरं नव्हती. त्यांच्या वस्त्या दूर वसवल्या गेल्या. ताग्वातिंगा १९५८ मध्ये, म्हणजे राजधानीच्या उद्घाटनाच्याही आधी. सेइलांदिया १९७१ मध्ये, झोपड्या उठवून. १९८७ मध्ये मूळ शहराला जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. सर, राजधानी आत आली हे खरं, पण आतल्या गरिबाच्या वाट्याला तिच्यातलं काय आलं हेही या धाग्यात यायला हवं.

पाण्याचंही सांगते. साओ फ्रान्सिस्को नदी मिनास जेराइसच्या डोंगरात उगम पावून या कोरड्या भागातून जाते. तिचं पाणी उपसा करून कालव्यांनी उत्तरेला नेण्याचं काम २००७ मध्ये सुरू झालं, पूर्वेकडच्या कालव्यातून २०१७ मध्ये पाणी सुटलं. वैनगंगेचं पाणी नळगंगेपर्यंत नेण्याची चर्चा आपण ऐकतोच. ज्यांना तिच्याबद्दल बोलायचं आहे त्यांनी आधी साओ फ्रान्सिस्कोच्या कालव्यांचा, विशेषतः पंपांच्या वीजबिलाचा, अभ्यास करावा.

अकोलेकर

राजधानीचा विषय निघालाच आहे तर तोकांतिन्स राज्याचं सांगितल्याशिवाय राहवत नाही.

गोयास राज्याचा उत्तर भाग वेगळा करा ही मागणी तिथे फार जुनी होती. राजधानी दूर, रस्ते नाहीत, कर जातो पण परत काही येत नाही. वाक्यं तीच, माणसं वेगळी. १९८८ च्या नव्या राज्यघटनेनेच ते राज्य करून टाकलं. नवी राजधानी पाल्मास कोऱ्या माळावर १९८९ मध्ये वसवायला घेतली आणि १९९० च्या १ जानेवारीपासून कारभार तिथून सुरू झाला. राज्याचं क्षेत्रफळ पावणेतीन लाख चौरस किलोमीटरच्या पुढे, आणि लोकसंख्या २०२२ मध्ये पंधरा लाखांच्या आसपास. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात २०११ मध्येच सत्तावीस लाखांहून जास्त माणसं होती! तरी लोक म्हणतात की विदर्भ राज्य म्हणून चालणार नाही, लहान पडेल.

त्याआधी १९७७ च्या कायद्याने मातो ग्रोसोचे दोन भाग झाले होते. दक्षिणेकडच्यांना कुयाबा नको होतं, त्यांना काम्पो ग्रांदे मिळालं. आणि गोयासची स्वतःची राजधानीसुद्धा नवीच. जुनं गोयास शहर सोन्याच्या काळातलं, डोंगरात अडकलेलं. १९३३ मध्ये गोयानियाची पायाभरणी झाली आणि १९३७ मध्ये राजधानी तिथे गेली. मिनास जेराइसने तर १८९७ मध्येच ओउरो प्रेतो सोडून बेलो ओरिझोंते हे आखीव शहर बांधलं होतं. राजधानी हलवणं त्या देशात पाप मानत नाहीत.

आपल्याकडे १९५३ च्या नागपूर कराराने काय कबूल केलं आणि डिसेंबरातल्या अधिवेशनापलीकडे काय मिळालं, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

वर्गावरचा भूगोल

अकोलेकर दादा, एक बाजू राहिली. राजधानी जिथून जाते तिथलंही बघा. रिओची राजधानी गेली तेव्हा त्या शहराचं ग्वानाबारा नावाचं वेगळं राज्य केलं होतं. १९७५ मध्ये ते शेजारच्या रिओ दी जनेरो राज्यात विलीन झालं, रिओ त्या राज्याची राजधानी झाली, आणि खाडीपलीकडच्या निटेरॉयचं राजधानीपण गेलं. रिओचं नाव जगभर टिकलं. निटेरॉय एकेकाळी राजधानी होतं हे बाहेर कुणाला आठवतं?

पऱ्हाटी

सोयाबीनच्या मागे कापसाला विसरू नका. मी राळेगाव भागातला, आमचं सगळं कपाशीवर.

ब्राझीलचा कापूस पूर्वी लहान शेतकऱ्यांचा होता, ईशान्येत आणि पाराना-साओ पाउलोत. १९८० च्या दशकात बोंडभुंगा आला. १९९० च्या दशकात आयात खुली झाली, परदेशी कापूस उधारीवर स्वस्त मिळू लागला. दोन्हींनी मिळून लहान शेतकरी कापसातून पार बाहेर फेकला गेला आणि तो देश कापूस विकत घेणारा झाला. नंतर कापूस परत आला, पण दुसऱ्याच ठिकाणी आणि दुसऱ्याच माणसांच्या हाती. मातो ग्रोसो आणि बाहियाच्या पश्चिम भागात, हजारो हेक्टरच्या शेतांवर, यंत्राने वेचणी. २०२३-२४ च्या हंगामात ब्राझीलने निर्यातीत अमेरिकेलाही मागे टाकलं.

कागदावर तो देश जिंकला. पारानातल्या दहा एकरवाल्याचं काय झालं ते त्या आकड्यात दिसत नाही. आपल्याकडेही गुलाबी बोंडअळी आहे, आणि आयात शुल्काचा निर्णय आपल्या हातात नाही. 'ब्राझीलसारखं करा' म्हणणाऱ्यांना मला हेच विचारायचं आहे, की कोणत्या ब्राझीलसारखं?

संत्रापट्टा

मोर्शीहून. संत्र्याचं थोडक्यात लिहितो. ब्राझीलची फळबाग साओ पाउलो राज्यात आणि त्याला लागून असलेल्या मिनासच्या पट्ट्यात आहे, आणि ती मुख्यतः रसासाठी. फळ आपल्या नागपुरी संत्र्यासारखं सुटसुटीत सालीचं नाही, मोसंबीच्या कुळातलं आहे. आटवलेला रस सांतोस बंदरातून जहाजाच्या टाक्यांत भरून जातो. जगात त्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही.

पण २००४ मध्ये तिथे ग्रीनिंग रोग सापडला. पसरवणारा कीडा तोच, आपल्या बागेत नव्या नवतीवर बसणारा सायला. तेव्हापासून त्यांनी लाखो झाडं उपटली आणि बागा साओ पाउलोच्या बाहेर सरकवायला लागले. आपल्याकडे नागपूरला लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे. रोपं घेताना रोगमुक्त आहेत का हे न विचारता रस्त्यावरच्या नर्सरीतून उचलणारे अजूनही बरेच आहेत. तसं करू नका, एवढं हात जोडून सांगणं आहे.

झाडीपट्टी

गडचिरोलीकडून लिहितो आहे. सगळे पिकाचं बोलले, रान कुणी मोजलं नाही.

सेराडो साधारण २० लाख चौरस किलोमीटरचा. त्यातला निम्मा आता शेत किंवा कुरण झाला आहे. कुरणांवर चरणारी पांढरी वशिंडाची नेलोर गुरं मूळची आपल्या आंध्रातल्या ओंगोल जातीची. ब्राझीलच्या मोठमोठ्या नद्यांचं पाणी याच पठारावरून निघतं. ब्राझिलियाजवळ एक पाणथळ जागा आहे, तिच्यातून एक ओहोळ उत्तरेला तोकांतिन्सकडे जातो आणि दुसरा दक्षिणेला पारानाकडे. बुलडाण्यात एका बाजूचं पाणी पूर्णेतून तापीला आणि दुसऱ्या बाजूचं पैनगंगेतून गोदावरीला जातं, ते आठवा. अशा माथ्यावरचं रान गेलं की खालच्या सगळ्यांचं पाणी जातं.

आणि मातो ग्रोसोचा पाऊस येतो कुठून? बराचसा ॲमेझॉनच्या जंगलाने हवेत सोडलेल्या बाष्पातून. कुयाबाहून उत्तरेला सांतारेंकडे जाणारा मोठा रस्ता जंगलातून काढला, मिरितितुबाच्या नदीबंदरापर्यंत त्याचं डांबरीकरण २०२० मध्ये पुरं झालं, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी तोड आत शिरत गेली. जे रान सोयाबीनला पाऊस देतं तेच सोयाबीनसाठी तुटतं आहे. मानाउसला निग्रो नदीने २०२३ मध्ये नीचांक गाठला, आणि पुढच्याच वर्षी तोही मोडला. उत्तरेकडची आमापा राज्याची राजधानी माकापा विषुववृत्तावर आहे, उरलेल्या देशातून तिथे सडकेने जाताच येत नाही, बोट नाहीतर विमान. तिथलं जंगल बरंचसं टिकून आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये बेलेमला जगाची हवामान परिषद भरली. ठराव झाले. तोड किती थांबते ते उपग्रहाच्या चित्रात दिसेल.

पैनगंगाकाठ भाऊ, तुम्ही राजधानी, रस्ता आणि संशोधन म्हणालात. चौथं नाव रानाचं घ्या.

पैनगंगाकाठ

झाडीपट्टी भाऊ, घेतलं.

ताईंनी आणि पऱ्हाटी भाऊंनी जे मांडलं त्यावर माझं म्हणणं असं : संशोधन संस्था आपल्याकडे कमी नाहीत. अकोल्याला १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे, नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. एम्ब्रापाचं काम आंबट मातीचं आणि उशिरा फुलणाऱ्या वाणांचं होतं, आपलं काम खंड पडणाऱ्या पावसाचं आणि पाच एकराचं आहे. ते उत्तर मातो ग्रोसोतून आयात होणार नाही, इथेच काढावं लागेल. तसा आग्रह आपण विद्यापीठाकडे धरतो का? शिवारफेरीला किती जण जातो?

कोरडवाहू भाऊंनी निरोपात विचारलं आहे की मग अडत्या 'ब्राझील' म्हणाला की नेमकं काय बघायचं. मी हे बघतो :

सप्टेंबर-ऑक्टोबरात आपली सोंगणी चालू असते तेव्हा मातो ग्रोसोत पेरणी होते. तिथे पाऊस लांबला तर बातमी कुयाबाची बघायची, रिओची नाही. जानेवारी-फेब्रुवारीत तिथला माल निघायला लागतो. दोन हजार किलोमीटर ट्रकने सांतोस किंवा पारानाग्वाला, नाहीतर उत्तरेच्या नदीबंदरांना जातो. त्याच दोन महिन्यांत दक्षिणेकडे, रिओ ग्रांदे दो सुलमध्ये, शेंगा भरत असतात आणि तिथला पाऊस बऱ्याचदा दगा देतो. २०२४ च्या मे महिन्यात तर उलट झालं, पोर्तो आलेग्रे पाण्याखाली गेलं आणि उभं राहिलेलं सोयाबीन कुजलं. म्हणजे दक्षिणेतली बातमी आणि मध्य-पश्चिमेतली बातमी वेगवेगळी वाचायची. वजन मध्य-पश्चिमेला जास्त द्यायचं.

आणि तिकडचं पीक कितीही असलं तरी खाद्यतेलावरचं आयात शुल्क आणि सोयापेंडीची मागणी यांचा भावावर तेवढाच जोर असतो. अडत्या फक्त ब्राझील सांगत असेल तर या दोन गोष्टी त्याला पुढे विचारा. माल घरात ठेवायची सोय असलेल्यांनी मातो ग्रोसोच्या डिसेंबरातल्या पावसाचा अंदाज घेऊन मगच विकायचं ठरवावं. ज्यांच्यावर बँकेचा हप्ता आहे त्यांनी अर्धा माल आधी काढावा.